धरून आणलेला गवंडी
निजामाच्या राज्यात मी जाफराबादच्या तहसील कचेरीत कारकून होतो. तहसीलदारांना कचेरीपुढं हौदाची बाग हवी होती. नकाशासाठी त्यांनी हैदराबादहून उस्ताद बोलावले आणि शरबत पाजून त्यांतला एक पसंत केला. गवंडी मात्र शिपायानं टेंभुर्णीहून वेठीला धरून आणला. वेठीच्या माणसाचं नाव कोणी विचारत नसे.

दगड बसवला की तो त्यावर तळहात ठेवून क्षणभर थांबायचा. एकदा मी म्हटलं, "काम झकास चाललंय."

तो माझ्याकडं न बघता बोलला, "नकाशावाला निवडून आनला मालक, मला धरून. घरी बाप मरायला टेकलाय, पन मला कोनी सोडून न्हाई राह्यलं."

मी तहसीलदारांना सांगितलं. "पहले हौज," एवढंच ते म्हणाले.

हौद भरला, उस्तादाच्या गळ्यात हार पडला आणि गवंड्याला सोडलं. तो गावी पोचला, तेव्हा बापाला भावकीनं अग्नी दिलेला होता.