कुंपणापलीकडची पोळी

सासूबाई आमच्याकडे केंब्रिजजवळच्या खेड्यात राहायला आल्या आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "पहिली पोळी कुणाला गं?" पुण्यात ती गाईला जायची. इथे मी गाय कुठून आणू? माझा ऑफिसचा कॉल चालू होता. वैतागून म्हटलं, "मागच्या शेतात हरणं येतात, त्यांना घाला!"

झालं. रोज दिवस मावळताना त्या कुंपणापलीकडे पोळी ठेवू लागल्या. फाटक्या कानाची एक हरणी तर त्यांची चाहूल लागली की हजर. तिच्याशी त्या चक्क गप्पा मारायच्या. माझ्याशी कधी इतकं बोलल्या नव्हत्या.

थंडीत शेजारचे आजोबा दारात आले. नवी रोपं हरणं फस्त करतात, म्हणून शेताच्या मालकाने आजोबांना शिकारीची परवानगी दिलेली. पण मालकाचा नियम कडक होता: खायला घालून हरणाला बोलवायचं नाही. आजोबा अवघडून म्हणाले, "या पोळ्या कुणी पाहिल्या तर मीच टाकल्या म्हणतील. माझी परवानगी जाईल."

मी सासूबाईंना समजावलं. "म्हणजे माझी पोळी आमिष?" त्या भडकल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "नको बाई. माझ्यापायी तो म्हातारा गोत्यात नको." पोळी बंद झाली.

मला मात्र चैन पडेना. कॉलवर बोलताना डोळे सारखे खिडकीकडे. कुंपणाशी आता पोळीचा तुकडाही नव्हता, नियम अगदी पाळला जात होता. हरणी तरी यायचीच. त्याच वेळी, त्याच जागी, आमच्या दाराकडे बघत उभी.

"अहो आई, हाकला ना तिला!"

"मला नाही जमायचं. तूच बघ."

मी बाहेर जाऊन टाळ्या वाजवल्या, "जा गं बये!" म्हणून ओरडले. ती चार उड्या मारून लांब गेली आणि परत येऊन उभी राहिली. मला रडूच यायला लागलं.

एका संध्याकाळी बंदुकीचा आवाज आला. एकच.

आजोबांनी काही नियम मोडला नव्हता. मी तावातावाने तेच सांगत सुटले, "आई, तुमचा काही संबंध नाही. पोळी बंद करून किती दिवस झाले!"

त्या ओटा धरून उभ्या होत्या.

"एरवी पळाली असती गं ती," त्या म्हणाल्या. "माणसाला घाबरायचं नाही, हे मी शिकवलं तिला."