माझ्या भावाचा पहिला नंबर

माझा धाकटा भाऊ व्यावसायिक बॉक्सर होता आणि जवळपास वर्षभर तो त्याच्या वजनगटात देशात पहिल्या नंबरवर होता. हे ऐकलं की लोक विचारतात, मग तो चॅम्पियन कधी झाला? तो झाला नाही. चॅम्पियनशी लढून हरला असता तर मी हे लिहायला बसले नसते.

आमचं गाव तेलगाव. स्टँडजवळ वडिलांचं किराणा दुकान. घर लिंगायत, अंडं आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नव्हतं. भाऊ कॉलेजात असताना माजलगावला एका निवृत्त फौजी माणसाकडे बॉक्सिंग शिकायला लागला आणि त्या कोचनं सांगितलं, रोज सहा अंडी. आईनं दोन दिवस त्याच्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी तिनंच परसात तीन विटा मांडल्या, एक जुनं पातेलं दिलं आणि म्हणाली, "हे आत आनायचं न्हाई. आन मला दावायचं न्हाई." तेवढीच तिची परवानगी. पुढं सात-आठ वर्षं ते पातेलं परसातच राहिलं.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. त्यामुळं भावाचे सगळे कागद माझ्याकडे यायचे: करार, मेडिकलचे फॉर्म, पत्रं. तो ठोसे मारायचा, मी कागद वाचायची. तो राज्यात पदकं आणत होता तोवर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागेल अशी आशा होती. ती लागली नाही, तेव्हा तो व्यावसायिक बॉक्सिंगकडे वळला.

इथं दोन गोष्टी वेगळ्या करून सांगायला हव्यात. एक प्रमोटर. तो सामने भरवतो, हॉल घेतो, तिकिटं विकतो आणि स्वतःच्या बॉक्सरांना करारानं बांधून ठेवतो. दुसरी संस्था. ती चॅम्पियनचा पट्टा देते, बॉक्सरांचे नंबर लावते, गुण देणारे जज नेमते. संस्थेनं प्रमोटरपासून लांब राहायचं असतं. हे माझं मत नाही, संस्थेच्या नियमपुस्तकातच लिहिलेलं होतं. ते पुस्तक मी तीनदा वाचलं, पेन्सिल घेऊन.

भावाला प्रमोटर नव्हता. कुठून तरी कोचला फोन यायचा, अमक्या गावी आमच्या पोराशी लढायला कुणी आहे का? की हे दोघं निघाले. दिल्ली, गोवा, हरियाणा. दरवेळी समोरचा घरच्या मैदानावरचा, टाळ्या त्याला. भाऊ बहुतेक वेळा समोरच्याला खाली पाडूनच जिंकायचा. कोच म्हणायचा, "जजकडं काम ठेवूच नको बे." असं करत तो यादीत वर चढत पहिला आला. त्या दिवशी वडिलांनी दुकानात येईल त्याला साखर दिली. कुणी विचारलं कशाची, तर म्हणाले, "पोरगा पैला आलाय." लोकांना वाटलं, परीक्षेत.

नियमपुस्तकात होतं की पहिल्या नंबरच्या बॉक्सरशी चॅम्पियननं नऊ महिन्यांत लढलंच पाहिजे, नाहीतर पट्टा सोडावा. चॅम्पियन पुण्यातल्या एका मोठ्या प्रमोटरचा होता. सहा महिने गेले तरी कुणी काही बोलेना, म्हणून मी संस्थेला पत्र लिहिलं. उत्तर आलं: चॅम्पियनच्या हाताला दुखापत आहे. ठीक आहे, आम्ही थांबलो. तीन आठवड्यांनी तोच चॅम्पियन त्याच प्रमोटरच्या कार्यक्रमात अकराव्या नंबरच्या पोराशी लढला. वडिलांनी दुकानात मोबाइलवर ती लढत पूर्ण बघितली, गिऱ्हाईक थांबवून. मग शांतपणे म्हणाले, "हात दुखतुया म्हनं. कोन्ता हात?"

मी दुसरं पत्र लिहिलं, नियमाचा क्रमांक घालून. उत्तर आलं की चॅम्पियनला विशेष परवानगी दिली आहे. अशी परवानगी कोण देतं, कशासाठी देतं, ते पुस्तकात कुठंच नव्हतं. मी तिसरं पत्र लिहिलं. त्याला उत्तर आलं नाही. नवी यादी आली. भाऊ चौथा. मधल्या काळात तो एकही लढत हरला नव्हता, लढलाच नव्हता. त्याच्या वरचे तिघंही त्याच प्रमोटरचे.

त्यानं माजलगावहून फोन केला. "अक्का, मी कावून खाली आलो गं?" मी वर्गाबाहेर व्हरांड्यात उभी होते. मुलांना रोज 'कारणे द्या' म्हणून प्रश्न घालणारी मी; माझ्याकडे एक कारण नव्हतं.

आम्ही पुण्याला गेलो, मी आणि भाऊ. संस्थेचं ऑफिस एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. दारावर दोन पाट्या होत्या. वरची संस्थेची, खालची प्रमोटरच्या कंपनीची. मला वाटलं आत दोन खोल्या असतील. एकच खोली होती. एकच बाई बसलेली, तिच्यापुढं दोन फोन. आम्ही बसलो होतो तेवढ्यात एक वाजला, ती संस्थेचं नाव घेऊन बोलली. दुसरा वाजला, ती कंपनीचं नाव घेऊन बोलली. आवाजसुद्धा बदलला नाही. मी भावाकडं बघितलं. तो जमिनीकडं बघत होता.

सचिव आले. गोड माणूस. चहा मागवला, गावाकडं पाऊसपाणी कसं म्हणून विचारलं. मी नियमपुस्तक काढून त्यांच्यापुढं ठेवलं, खुणा केलेलं.

"मॅडम, पुस्तक आम्हीच लिहिलंय," ते हसत म्हणाले. "पण तुमच्या भावामागं प्रमोटर कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग लढत भरवणार कोण? तुम्ही?"

"नंबर लावताना प्रमोटर बघतात का?"

त्यांनी ड्रॉवरमधून एक करार काढला. प्रमोटरच्या कंपनीचा करार, संस्थेच्या सचिवाच्या ड्रॉवरमधून. पाच वर्षं दुसऱ्या कुणाकडं लढायचं नाही, कधी कुणाशी लढायचं ते कंपनी ठरवणार. "सही करा," ते भावाला म्हणाले, "पुढच्या यादीत तुमचा नंबर बघा."

भावानं करार हातात घेतला, उलटसुलट केला आणि टेबलावर ठेवला. "इचार करून सांगतो," म्हणाला.

परतीच्या एसटीत बसलो, अहमदनगर आलं. तेव्हा तो म्हणाला, "अक्का, सही केली तर लढत मिळंल. न्हाई केली तर न्हाई. इतकंच हाय ना?"

"तू पहिला होतास. जे तुझंच आहे, त्यासाठी सही कशाला?"

"तुजं बरोबर हाय. पन माजं वय चाललंय."

मी त्याला खूप समजावलं. नियम आपल्या बाजूनं आहे, कागद आपल्या बाजूनं आहे, आज वाकलास तर पाच वर्षं वाकून राहशील. त्यानं ऐकून घेतलं आणि सही केली नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण त्या निर्णयात माझा हात होता आणि मार त्यानं खाल्ला.

घरी येऊन मी संस्थेच्या प्रत्येक सभासदाला सगळ्या पत्रांच्या प्रती पाठवल्या आणि खाली लिहिलं की पुढची प्रत वर्तमानपत्राला जाईल. महिन्याभरात फोन आला. नव्या पहिल्या नंबरशी लढा. जिंकलात तर चॅम्पियनशी लढत नक्की. आठ फेऱ्या. कार्यक्रम प्रमोटरचाच. जजही संस्थेनं नेमलेले, म्हणजे कुणी नेमले ते मी त्या खोलीत पाहिलं होतं.

लढत एका मंगल कार्यालयात होती, भर दुपारी. मी कधी नव्हे ते रिंगजवळ बसले. भावानं तिसऱ्या फेरीत समोरच्याला खाली पाडलं. सहाव्या फेरीत पुन्हा पाडलं. रेफरीनं आठपर्यंत मोजलं तेव्हा तो कसाबसा उभा राहिला. बाकीच्या फेऱ्यांत एखाददुसरी त्याला द्या, फार तर दोन. आठवी संपली तेव्हा कोचनं भावाला उचलून घेतलं.

तिन्ही जजनी भाऊ हरला असं लिहिलं होतं.

मी गुणपत्रिका मागितल्या. बघायला मिळणं हा आमचा हक्क होता. फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण मिळतात, हरणाऱ्याला नऊ, आणि जो खाली पडतो त्याला बहुतेक वेळा आठ. एका जजनं सहाव्या फेरीत, जी मी श्वास रोखून बघितली होती, खाली पडलेल्या पोराला दहा दिले होते आणि माझ्या भावाला नऊ.

तो जज बाहेर हात धूत होता. पन्नाशीचा, चष्मेवाला, कुठल्याही शाळेत गणिताचा मास्तर शोभला असता. मी कागद पुढं केला. "सर, सहावी फेरी. कोण पडलं होतं?"

त्यानं कागद बघितला नाही. रुमालानं हात पुसले. "मॅडम, मला पुढच्या महिन्यातही इथं बोलवायला हवं ना," म्हणाला, आणि जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहिला.

मी अपील केलं. गुणपत्रिका जोडली, व्हिडिओ जोडला. एका ओळीचं उत्तर आलं: जजांचा निर्णय अंतिम आहे. खाली त्याच गोड सचिवाची सही. मला आजही कुणी विचारतं की एवढं काय मनाला लावून घ्यायचं, खेळच तर आहे. दुकानाच्या तराजूत कुणी बोट लावलं तर आपण त्याला चोर म्हणतो. इथं तराजूही त्यांचा, मालही त्यांचा, आणि बोट लावून वर नियमपुस्तक छापतात. माझ्या भावानं आठ फेऱ्या नाकातलं रक्त गिळत काढल्या, त्यांनी एक आकडा खोटा लिहून त्या पुसून टाकल्या. राग येऊ नये तर काय यावं?

भाऊ पुढं दोन लढती खेळला, मन नसताना. मग थांबला. आता तो गावातच एका पत्र्याच्या शेडमध्ये शिकवतो, सकाळी दुकान बघतो. मी एकदा त्याला म्हणाले, "मी तुला सही करू दिली असती तर बरं झालं असतं का रे?" तो पोत्याची सुतळी सोडवत होता. म्हणाला, "सही मी केली न्हाई. तू कशाला सोताला लावून घेतीस?" एवढं बोलून गिऱ्हाइकाला डाळ मोजून दिली. मला त्यानं बरं वाटलं नाही, पण तो खोटं बोलत नव्हता हे कळलं.

गेल्या महिन्यात संस्थेचं पत्र आलं. अनुभवी माजी बॉक्सर म्हणून त्यांना भाऊ जज म्हणून हवा आहे. मी ते फाडायला निघाले होते. त्यानं हातातून घेतलं, दोनदा वाचलं आणि म्हणाला, "लिही अक्का, येतो म्हनून. पन मी जे बघीन तेच लिहिनार, हे पैल्या ओळीत लिही."

मी तसंच लिहिलं आणि रजिस्टर पोस्टानं पाठवलं. पोच आली आहे. उत्तर आलेलं नाही.