सुनंदाची मापं

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, एम.ए.च्या आमच्या सरांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट ठाऊक नाही.

वडूजच्या पुढं येरळा नदीच्या दोन्ही काठांना पांढरीची टेकाडं आहेत, जुन्या वस्तीची. एम.ए.च्या वर्षी सुनंदा आणि मी तिथली खापरं वेचायचो. ती तिथलीच, मी सांगलीचा. शाळेच्या ओसरीत बसून खापरं टूथब्रशनं घासायची, शाईनं नंबर घालायचा, तो पुसू नये म्हणून वर नेलपॉलिशचा हात. मग ती कॅलिपरनं जाडी मोजणार — प्रत्येक खापर दोनदा — आणि मी लॅपटॉपवर उतरवणार. दुपारी तिच्या घरची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. काय दिवस होते! इतकं मन लावून मी पुन्हा कधी काम केलं नाही.

आकडेमोडीचं विकतचं सॉफ्टवेअर आमच्या आवाक्याबाहेर. म्हणून फुकटचं, सगळ्यांना खुलं असलेलं शिकलो. त्यात तरबेज झालो, आणि — खरं सांगू? — जरा चढलोही. आपला कोड जगाला दिसला पाहिजे, ज्यानं त्यानं पडताळून बघावा, असं तावातावानं बोलायचो.

निष्कर्ष मी आधीच ठरवून टाकला होता: दोन्ही काठांवरची भांडी एकाच घडणीची. आलेख छान जुळत होता. फक्त शेवटच्या दोन पोत्यांतली खापरं जाड निघाली — आणि सगळा विचका झाला.

ती मी एकट्यानं पुन्हा मोजली. तिची मापं बरोबर होती. एकूण एक.

तरीही कोडमधून ती वगळली. शेजारी टीप लिहिली. अशी टीप संगणक वाचत नाही, ती माणसांसाठीच असते. 'वगळली: मापनात चूक, सुनंदा.' नाव घालायची काय गरज होती? सरांनी विचारलं तर बोट दाखवायला कुणीतरी हवं होतं, एवढंच.

सरांनी साताऱ्याला कॉलेजात विचारलं — तिच्यासमोरच. मी टीप दाखवली. साताऱ्याहून वडूजला परतताना एसटीत ती मलाच म्हणाली, "माजंच चुकलं आसंल रं. तुजं काम माज्यापायी लय खोळंबलं."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. त्या क्षणाची आजही लाज वाटते.

तिनं पुढं पीएच.डी.चा अर्ज भरलाच नाही. मोजमाप आपल्याला जमत नाही, असं तिनं मनाशी धरलं. मला त्याच आलेखावर सांगलीत शिकवायची नोकरी लागली.

तो कोड अजून खुला आहे. मुलं उतरवून घेतात, त्यावरच शिकतात. गेल्या महिन्यात वर्गात एका मुलीनं ती टीप वाचली आणि विचारलं, "सर, ही सुनंदा कोण?"

तिथंच सांगता आलं असतं — नाही का? मी म्हणालो, "होती एक. जरा घाईची."

वर्ग हसला. मीही हसलो.