नव्व्याण्णवची रिकामी ओळ

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा, क्लबचा बिलियर्ड्स हॉल, बापूंची शोकसभा. हजर : अध्यक्ष, एकतीस सभासद, वारणानगरहून जीप करून आलेले बापूंच्या वर्कशॉपमधले सहाजण, स्कोअर लिहिणारे मार्कर मुबारकचाचा, बापूंच्या पत्नी शांताकाकू, त्यांचा मुलगा, माझे यजमान आणि सचिव या नात्यानं मी. रविवारी साडेदहाला त्या हॉलमध्ये बापू नाहीत, असं मी पहिल्यांदाच टिपून ठेवलं.

बातमी त्याच्या दहा दिवस आधी आली. मी ऑफिसात होते. बापूंच्या मुलाचा फोन आला, ‘पहाटे गेले, झोपेतच.’ फोन ठेवला आणि कोणाकोणाला कळवायचं त्याची यादी करायला घेतली. अकरा नावं झाली. एकेकाला फोन करत सातव्या नावापाशी आले तर तिथं मी बापूंचंच नाव लिहिलेलं होतं. टेबलाचं, क्लबचं काहीही निघालं की त्यांना फोन करायचा, ही पंधरा वर्षांची सवय... ते नाव खोडलं नाही, पुढचा नंबर फिरवला.

शोकसभेत भाषणं चालू असताना मागं बसलेल्या एका नव्या सभासदानं माझ्याकडं वाकून विचारलं, “मॅडम, नव्व्याण्णवला स्पर्धा झाली नव्हती का?” भिंतीवर विजेत्यांची सागवानी पाटी आहे. वर्ष, विजेता, उपविजेता असे तीन रकाने. १९९९ पुढं दोन्ही जागा कोऱ्या. मी म्हटलं, झाली होती, नंतर सांगते. ते आता इथं सांगते. नव्व्याण्णवची स्पर्धा मी जिंकले, अंतिम सामन्यात बापूंना हरवून. मात्र मी जिंकले की त्यांनी मला जिंकू दिलं, याचा उलगडा मला होत नव्हता, म्हणून ती ओळ मीच रिकामी ठेवली होती.

यशवंत कांबळे हे त्यांचं पूर्ण नाव. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर. तिथल्या ऑफिसर लोकांच्या क्लबात एक जुनं बिलियर्ड्सचं टेबल होतं, त्याचा पाय खचला म्हणून बापूंना बोलावलं. पाय बसवला, पण टेबल सपाट झालं की नाही हे चेंडू फिरवल्याशिवाय कळेना. म्हणून त्यांनी चेंडू फिरवून बघितला. “तेवढंच निमित्त झालं बघा,” असं ते सांगायचे. पुढं आमच्या क्लबातलं टेबलही तेच दुरुस्त करू लागले. रविवारी सकाळी राजदूतवरून यायचे, पाणसळ लावून टेबलाची पातळी बघायचे, हिरव्या कापडावरून इस्त्री फिरवायचे, आणि मेंबर मंडळी यायच्या आत तासभर एकटेच खेळून घ्यायचे.

मेंबर व्हायला त्यांना बरीच वर्षं लागली. कारण कुणी बोलून दाखवलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. मी सचिव झाल्यावर जुन्या फायली लावायला काढल्या, त्यात त्यांचा अर्ज सापडला. ‘पुढील बैठकीत’ हा शेरा त्यावर सहा वेळा होता, सहा वेगवेगळ्या तारखांचा. मला राग आला. फाइल घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी चष्मा लावून सगळे शेरे वाचले आणि म्हणाले, “अक्षर झ्याक हाय की कारकुनाचं.” एवढंच. फाइल मिटून माझ्या हातात दिली आणि क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाचं चामडं घासायला लागले.

मी त्या हॉलमध्ये गेले ती यजमानांची बायको म्हणून. ब्याण्णव साल असेल. बायका वरच्या मजल्यावर हौजी खेळायच्या, मला त्याचा कंटाळा यायचा. खाली येऊन बाकावर बसायची. एकदा मुबारकचाचा चहाला गेले आणि स्कोअर कुणी लिहीना, तर मी उठून लिहायला लागले. दोन चुकाही दुरुस्त केल्या, त्यातली एक माझ्याच यजमानांच्या फायद्याची होती. बापू टेबलाच्या पलीकडून बघत होते. गेम संपल्यावर म्हणाले, “वैनी, दुसऱ्याचं किती दिवस लिवणार? काठी धरा की.” यजमान हसले. बापू हसले नाहीत. त्यांनी त्यांच्या पिशवीतली एक क्यू काढली, माझ्या उंचीला मागून चार बोटं कापून आणली पुढच्या रविवारी, आणि विषय संपला. क्लबात पहिल्यांदाच बाई खेळणार म्हणून समितीत कुजबुज झाली, तेव्हा बापूंनी एवढंच विचारलं, “टेबल काय म्हणतंय का? न्हाय ना? मग झालं.”

शिकवताना ते फार बोलत नसत. चेंडू तीनच, दोन पांढरे आणि एक लाल, तेव्हा गोंधळ करायला जागा नाही, असं त्यांचं म्हणणं. मी वहीत कोन आखून न्यायची. ते वही उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, “हे ब्येस हाय. आता हे घरी ठेवून या.”

द्यायच्या बाबतीत मात्र हा माणूस अवघड होता. पेठ वडगावच्या एका कॉलेजकुमाराला स्पर्धेसाठी क्यू नव्हती, तर स्वतःची वीस वर्षांची क्यू देऊन टाकली, आणि मग वर्षभर क्लबातल्या वाकड्या काठीनं खेळले. मुबारकचाचा चिडवायचे, “बापू, काठी वाकडी की नजर?” बापू म्हणायचे, “दोन्ही वाकडं असलं की सरळ जातंय.” त्या वर्षीही तेच जिंकले. नवख्याशी खेळताना चाळीस, साठ, कधी शंभर पॉइंट आधीच देऊन टाकायचे. पण याला त्यांचा एक नियम होता, आणि तो सगळ्या क्लबाला पाठ होता. द्यायचं ते पहिल्या फटक्याच्या आधी, सगळ्यांच्या देखत, पाटीवर लिहून. “मधी द्यायचं म्हंजे चोरी,” असं ते म्हणायचे. “घेणाऱ्याची बी आन देणाऱ्याची बी.”

दुसरा नियम स्वतःचा फाउल स्वतः सांगायचा. चेंडूला बोट लागलं, क्यू दोनदा टेकली, दुसऱ्या कुणाला दिसलेलं नसलं तरी ते सरळ उभे राहायचे आणि सांगायचे. सांगलीच्या एका स्पर्धेत असा फाउल सांगून हातातली ढाल घालवली होती. मी त्यावरून एकदा छेडलं, तेव्हा म्हणाले, “वैनी, मला कुणी फाउल दाखवायची वेळ मी येऊ देत न्हाय. तुमच्यातल्या कुणी सांगितला नाही तर विसरला म्हणतील. माझं तसं न्हाय.” ते साध्या आवाजात बोलले. 

नव्व्याण्णवला मी आणि बापू अंतिम सामन्यात आलो. दोनशेचा गेम. रिवाजाप्रमाणं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, “वैनी, चाळीस घ्या.” मी म्हटलं, नको. “वीस घ्या.” ते पण नको. मला बरोबरीनं खेळायचं होतं. ते मान हलवून म्हणाले, “बरं. मग रडायचं न्हाय.” हॉल भरला होता, वरच्या मजल्यावरच्या बायकाही जिन्यात येऊन उभ्या होत्या. शेवटी बापू एकशे एक्क्याण्णव, मी एकशे शहाऐंशी, आणि टेबलावर बापू. चेंडू बापूंना हवे ते नऊ सहज मिळतील असे जवळ जवळ पडलेले, मुबारकचाचांनी माझ्याकडं बघून हळूच मान हलवली. बापू वाकले... आणि सरळ झाले. “फाउल,” म्हणाले. “बाही लागली पांढऱ्याला.”

कुणालाच दिसलं नव्हतं. मी चार फुटांवर होते, मलाही नाही. फाउलचे दोन मला मिळाले आणि पाळी माझी आली. बारा हवे होते, मी तेरा केले. टाळ्या पडल्या, जिन्यातून बायकांनी आरडाओरडा केला, यजमानांनी सगळ्यांना जिलेबी वाटली. आणि माझ्या डोक्यात एकच. चाळीस नको म्हटलं, वीस नको म्हटलं, म्हणून या माणसानं शेवटी हे असं दिलं का?

जिलेबी खाता खाता मी विचारलं, “बापू, खरंच लागली?” म्हणाले, “लागली म्हटलं की लागली. आता काय बाहीला इचारताय?” पुढच्या वर्षी पुन्हा विचारलं. “वैनी, जोतिबाला चला, नारळ फोडून सांगतो. आमी जात न्हाय, पर तुमच्यासाठी येतो.” सगळे हसले, मीही. त्यानंतरच्या वर्षी त्यांनी नुसतं हसून खडू घासला. दर वर्षी पेंटरला नावांची चिठ्ठी मीच देते. दर वर्षी त्याला सांगत आले, नव्व्याण्णवचं पुढच्या वेळी बघू. समितीला वाटलं मी विनयानं थांबले आहे. खरं म्हणजे मला दयेनं मिळालेलं नाव पाटीवर नको होतं, आणि तेही क्लबातल्या पहिल्या बाईचं.

शोकसभेनंतर चहा झाला. शांताकाकू पाटीसमोर उभ्या राहून बापूंची नावं मोजत होत्या. सात भरली. मग म्हणाल्या, “आन ताई, तुमचं वो?” मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

“लागली की बाही. त्या दिशी घरात आले ते शर्ट काढून माझ्या अंगावर टाकला. म्हणाले, आत्ताच्या आत्ता सगळ्या शर्टांच्या बाह्या काप. मी म्हणलो, आवो, चांगला लग्नातला शर्ट हाय. तर म्हणाले, जिंकलेला गेम घालवला या बाहीनं. सहा शर्ट कापले मी. दोन दिवस धड बोलले न्हाईत, जशी काय बाही मीच लांब शिवलीती.”

मी याद्या ठेवणारी बाई. क्लबातल्या क्यू, चेंडू, खडूचे डबे, सगळ्यांची यादी माझ्याकडं आहे. नव्व्याण्णवनंतर बापू कायम अर्ध्या बाहीच्या शर्टात दिसले, हे मात्र माझ्या कुठल्याच वहीत नाही.

“मग मला का नाही सांगितलं त्यांनी?”

“सांगितलं की. तवाच सांगितलं न्हवं, बाही लागली म्हणून? त्येच किती बारी सांगायचं?”  काकूंच्या बोलण्यात राग नव्हता. “तुमी इचारलासा की घरी यून म्हणायचे, समदा क्लब माझा शब्द घेतोय. मी शिकवली ती एकटी घेत न्हाय.”

 मुबारकचाचा कप गोळा करत होते, त्यांना मदत करायला मी गेले.

गुरुवारी पेंटरला बोलावलं. तो डबा-ब्रश घेऊन शिडीवर चढला आणि चिठ्ठी मागितली. विजेत्याच्या रकान्यात माझं नाव मी लिहिलं होतं, आडनावासकट, स्वच्छ. उपविजेत्याच्या रकान्यात बापूंचं लिहायचं होतं. त्या पाटीवर त्यांचं नाव सात वेळा आहे आणि सातही वेळा विजेत्याच्या रकान्यात आहे. ते हरल्याचं माझ्या अक्षरात लिहून द्यायचं... त्यांनी ते भर हॉलमध्ये उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं, तेव्हा मला जड जायचं कारण नाही, हे कळतं, पण लिहवेना. पेंटर अर्धा तास थांबला, मग सोमवारी येतो म्हणून शिडी तिथंच ठेवून गेला. तो सोमवार होऊन आता दोन आठवडे झाले. चिठ्ठी माझ्या टेबलावर आहे, उपविजेत्याचा रकाना अजून भरायचा आहे.