सहा गावं, सहा पहिली कामं

माझे सासरे आयुष्यात एकदाच निवडणुकीला उभे राहिले, आणि त्यांना पाडण्यासाठी विरोधकांपेक्षा जास्त मेहनत मी घेतली.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मामंजी झरीचे साधे शेतकरी, कमी बोलणारे. लोकांनी आग्रह करून त्यांना पंचायत समितीसाठी उभं केलं. मी नवी सून, मानवतची, मॅट्रिक पास. घरात शाईचं पेन माझ्याकडे, आणि अक्षर सुंदर असल्याचा गर्वही माझ्याकडेच.

मामंजी सहा गावं पायी फिरले. कुणाला पूल हवा होता, कुणाला शाळेवर पत्रे, कुणाला गुरांचा दवाखाना. घरी येऊन ते म्हणाले, ‘‘सूनबाई, सगळ्यांचं एका कागदावर लिही. पैलं काय करायचं ते लोकच ठरवतील.’’

मला वाटलं, मामंजींना राजकारण कळत नाही. (मला कळत होतं. मानवतला आमच्या शेजारी एक माजी सरपंच राहायचे.) मी एकाऐवजी सहा पत्रकं केली. ज्या गावचं पत्रक, त्या गावचं काम पहिलं, आणि खाली ठळक अक्षरांत, ‘हे काम सर्वांत आधी’. कार्बन घालघालून बोटं निळी झाली. मामंजींचं शिक्षण निजामाच्या काळातलं, उर्दू शाळेतलं. मराठी अक्षरं ते अडखळत वाचत. माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी सगळ्या कागदांवर उर्दूत झोकदार सही ठोकली.

पत्रकं गावोगाव गेली. लोक खूश झाले. मी तर मनातल्या मनात मामंजींना सभापतीच करून टाकलं.

एकच गोष्ट माझ्या हुशार डोक्यात आली नाही. ही सहाही गावं आठवड्याला एकाच बाजाराला येतात. झरीच्या!

बाजाराच्या दिवशी सासूबाई रिकामी पिशवी घेऊन परतल्या. चहाच्या हॉटेलात दोन गावांचे लोक पत्रकं समोरासमोर धरून भांडतायत, असं त्यांनी सांगितलं. पूल पहिला की पत्रे पहिले, यावरून एकाचा सदरा फाटला होता. बाकीच्या गावांचे लोकही आपापले कागद आणायला निघाले होते.

‘‘आन् तुझे मामंजी मधी उभे हायत,’’ सासूबाई म्हणाल्या. ‘‘त्यांना काय झालंय तेच कळंना.’’

माहेरी परत पाठवतील, हा पहिला विचार. अक्षर ओळखतील, हा दुसरा. पण त्या भल्या माणसाला माझ्यापायी लोक खोटारडा म्हणत असतील, हे मनात आलं आणि घरात बसवेना. डोक्यावर पदर घेतला आणि बाजार गाठला.

मामंजी लिंबाखाली उभे होते, हातात सहा कागद. समोर गर्दी. तेवढ्यात बौद्धवाड्यातल्या गयाबाई पुढे आल्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच सगळे गप्प झाले.

‘‘दादा, मास्तरानं समदे कागद वाचून दाखवले. सहा पैली कामं हायत. आमच्या वस्तीचं नाव कशातच न्हाई. आमी उन्हाळ्यात कोसभर पाण्याला जातो.’’

वस्ती आमच्याच गावातली, मतं आपलीच, असं धरून मी त्यांचं काही लिहिलंच नव्हतं.

मामंजींनी सहाही कागदांची घडी घातली. मग म्हणाले, ‘‘चुकी माजी हाय. न वाचता सही केली.’’

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. ते मलाच सहन झालं नाही. ‘‘कागद मी लिवले,’’ मी म्हणाले. नव्या सुनेनं भरबाजारात तोंड उघडलेलं! माझ्या मागोमाग आलेल्या सासूबाईंनी डोळे मिटून घेतले.

मामंजी रागावले नाहीत. त्यांनी मला कांद्याच्या पोत्यावर बसवलं, कोरा कागद दिला आणि लोकांना म्हणाले, ‘‘आता तुमी सांगा, ती लिहील.’’

ऊन कलेपर्यंत वाद चालला. शेवटी पूलवाले आणि पत्रेवाले दोघंही थकले, आणि पहिल्या क्रमांकावर गयाबाईंच्या वस्तीची विहीर आली. या वेळी सही करण्याआधी मामंजींनी एकेक अक्षरावर बोट ठेवून सगळा कागद वाचला.

ते निवडून आले, पण अगदी काठावर. गुलालानं माखलेल्या हातांनी त्यांनी पहिला पेढा मलाच दिला. ‘‘एकेक मत कामाला आलं,’’ ते म्हणाले. ‘‘आन् पैलं मत माज्या सुनेचं.’’

मी मान खाली घालून पेढा खाल्ला. मतदानाच्या खोलीत माझा हात इतका थरथरत होता, की शिक्का मामंजींच्या छत्री या निशाणीवर न बसता बरोबर खालच्या सायकलवाल्याच्या माथ्यावर बसला होता.