धुवणाचा रस्ता

ही गोष्ट मी आजवर अर्धीच सांगत आलो. निवृत्तीच्या समारंभात सांगितली, लेकीच्या सासरी सांगितली, नवे इंजिनियर घरी भेटायला आले तेव्हा त्यांनाही सांगितली. दुष्काळात टँकरचा एक थेंब न वापरता आम्ही सायकलींसाठी पट्टी कशी तयार केली, इथपर्यंत यायचं. ऐकणारे थक्क झाले की चहा मागवायचा. उरलेली अर्धी टाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता ती लिहून टाकतो.

बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी पालिकेत ओव्हरसियर होतो. एस.टी. स्टँडपासून दूध शीतकरण केंद्रापर्यंतचा मैल-दीड मैलाचा रस्ता माझ्याकडे होता. धारूरकडच्या, शिरूरकडच्या गाड्या त्यावरूनच जायच्या आणि सकाळी खेड्यांतून येणारे दूधवालेही त्यावरूनच यायचे, सायकलच्या कॅरियरला दोन बाजूंना दोन कॅन लटकवून. साइडपट्ट्या खचलेल्या, त्यामुळे एस.टी. भर रस्त्यात उभी राहायची. मागचे सायकलवाले गाडी आणि गटार यांच्यामध्ये अडकायचे. उतरून, सायकल ढकलत, कॅन सांभाळत केंद्रावर पोचेपर्यंत ऊन चढलेलं असायचं. नासलेलं दूध केंद्र परत करायचं. परत आलेला कॅन म्हणजे त्या घराची दिवसभराची मेहनत वाया.

त्या दूधवाल्यांचा म्होरक्या माझा शाळासोबती होता. वसतिगृहात आम्ही एका ताटात जेवलेलो. तो शाळा सोडून म्हशींमागे गेला आणि मी डिप्लोमा करून आलो, तरी मी त्याच्यासाठी 'बे'च राहिलो. एका सकाळी नासलेला कॅन घेऊन तो थेट माझ्या टेबलापाशी आला आणि झाकण उघडून म्हणाला, "वास घे. तुझ्या रस्त्याचा हाय."

मी आराखडा काढला. एस.टी.ला रस्त्यातून बाजूला घेणारे चार थांबे, आणि थांब्यांच्या मागून जाणारी सायकलींची वेगळी पट्टी, म्हणजे उतरणारा प्रवासी आणि सायकल एकमेकांवर येणार नाहीत. पण सलग दुसऱ्या वर्षी पाऊस हुकला होता. रस्त्याचे पैसे टँकरांकडे वळले आणि माझ्या हातात थांब्यांपुरतेच उरले. सायकलपट्टीसाठी टेकडीचा मुरूम फुकट मिळणार होता, दुष्काळी कामावरचे ओबडधोबड दगड कडेला लावायला मिळणार होते, दूध संस्थेचे लोक श्रमदानाला तयार होते. अडत होतं ते पाण्यावर. पाणी मारल्याशिवाय मुरूम बसत नाही आणि त्या उन्हाळ्यात रस्त्यावर पाणी ओतलं असतं तर लोकांनी आम्हाला तिथंच तुडवलं असतं.

"धुवण हाय की," तो म्हणाला.

केंद्राला स्वतःची बोअर होती. कॅन धुतलेलं पाणी मागच्या हौदात साठायचं. दुधाचा अंश उतरलेलं ते धुवण दूधवाले रिकाम्या कॅनमध्ये भरून म्हशींसाठी घरी न्यायचे. चारा नव्हता, विहिरींत गाळ होता, तेव्हा म्हशी त्यावरच तगून होत्या. तेच धुवण एक दिवस म्हशीला आणि एक दिवस रस्त्याला, असं त्यानं संस्थेत ठरवून घेतलं.

मी त्याच्या घरी गेलो होतो तेव्हा त्याची बायको दावणीपाशी उभी होती. नवऱ्याशी न बोलता ती माझ्याशीच बोलली. "भावजी, म्हशीच्या तोंडचं काढून रस्त्याला पाजताव. उद्या दूध रस्ता देणार हाय का?"

तो हसला. दूध टायमावर पोचलं तरच म्हस दावणीला टिकंल, म्हणाला. मी त्या दोघांसमोर शब्द दिला की या पट्टीवर ट्रकचं चाक कधी चढणार नाही.

दोन महिने ते चाललं. केंद्रावरून परतताना प्रत्येक जण मी आखलेल्या चुन्याच्या फक्कीच्या दोन रेघांमध्ये कॅन उपडे करायचा. पांढुरकं पाणी मुरमात जिरायचं. गावातली कुत्री ओल चाटत फिरायची, माश्या घोंगावायच्या, आणि आंबूस वासानं स्टँडवरचे प्रवासी नाक धरायचे. वर आठ-दहा जणांनी ओढायचा दगडी रूळ फिरायचा. मी एवढी वर्षं रस्ते केले, पण इतका घट्ट बसलेला मुरूम पुन्हा पाहिला नाही. पहार मारली तर खणकन आवाज यायचा.

पुढचं दीड वर्ष त्या पट्टीवरून दूध वेळेवर पोचलं. शाळेतले मास्तर, बाजाराला येणाऱ्या बाया, सगळे तिच्यावरून जायचे. एस.टी. थांब्यात शिरून उभी राहायची आणि दूधवाले मागून घंटी वाजवत निघून जायचे. इथं माझी नेहमीची गोष्ट संपते.

मग पाऊस झाला. ऊस उभा राहिला आणि बंद पडलेला सहकारी साखर कारखाना सुरू होणार असं ठरलं. उसाच्या ट्रकांना रस्ता अरुंद पडतो म्हणून पालिकेत बैठक झाली. कारखान्याचे चेअरमन आले होते. मी नकाशांची गुंडाळी घेऊन भिंतीला टेकून उभा होतो. हिशेब मांडला तेव्हा दिसलं की रुंदीकरणासाठी दोन्ही बाजूंनी खोदून पाया भरण्याइतके पैसे नाहीत. आमचे मोठे साहेब फाइल बांधायला लागले. ती फाइल बांधली गेली असती तर पट्टी वाचली असती.

तेव्हा मी बोललो. मला कुणी विचारलं नव्हतं. सायकलपट्टीचा पाया तयार आहे, मुरूम उत्तम बसला आहे, कडेचे दगड काढून वर खडी-डांबर टाकलं की काम भागेल, असं मी म्हणालो.

चेअरमननी विचारलं, "हे कोण?" मग शिपायाकडे बघून म्हणाले, "यांना खुर्ची द्या."

त्या दालनात मला पहिल्यांदा खुर्ची मिळाली. कपबशीतून चहा आला. कोपऱ्यातल्या एका सदस्यानं सायकलवाल्यांचं काय, असं विचारलंही होतं. त्याला उत्तर मीच दिलं, की त्यांची पट्टी पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूला करू. ती कधी झाली नाही. पुढं बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घालत आलो की मलाही वरच्यांनी फसवलं. पण मला कुणी काही कबूल केलेलंच नव्हतं. ते वाक्य माझंच होतं.

डांबर पडलं त्या दिवशी तो कचेरीत आला. रागात नव्हता, गोंधळलेला होता. विचारलं, "कुणी केलं बे हे?"

मी म्हणालो, "वरून आदेश आला."

"मग तू तरी काय करणार," म्हणाला आणि गेला.

संस्थेतल्या लोकांनी मात्र ओळखलं. तुझ्या दोस्तानं आपल्याकडून फुकटात पाया भरून घेतला, असं एकानं त्याला केंद्राच्या दारात सुनावलं. माझ्यासाठी त्यानं त्या माणसाची गचांडी धरली. त्या भांडणानंतर तो दूधवाल्यांच्या घोळक्यातून बाजूला पडला. घोळक्यात असताना कुणाची सायकल पंक्चर झाली तर बाकीचे त्याचे कॅन वाटून घ्यायचे. आता त्याचे कॅन घ्यायला कुणी नव्हतं. थांब्यांमध्ये ट्रक उभे राहायला लागले होते, एस.टी. पुन्हा भर रस्त्यात आली होती, आणि तो पुन्हा गटाराच्या कडेनं उतरून ढकलत यायचा. दूध परत यायला लागलं. वर्षाच्या आत त्यानं म्हशी विकल्या.

दसरा उलटल्यावर एका सकाळी मी थांब्यापाशी मोजमाप घेत होतो. ऊसतोडीला निघालेल्या नवरा-बायकोंच्या जोड्यांचा ट्रक आला. भांडीकुंडी, पाट्या, कोंबड्या आणि त्यावर बसलेली माणसं. समोर एस.टी. उभी होती म्हणून ड्रायव्हरनं डावीकडून काढला, नेमका पट्टीवरून. वर तो आणि त्याची बायको बसलेले. तिनं तोंड फिरवलं. त्यानं हात वर केला आणि ओरडून विचारलं, "जेवलास का बे?" मी मान हलवली.

त्यानंतर मी बदली मागून घेतली.

मागच्या हिवाळ्यात कळलं की त्याला आता फार चालवत नाही. काय बोलायचं ते मी घरी दोनदा म्हणून पाहिलं आणि शिरूरकडच्या गाडीत बसलो. तो ओट्यावर बसला होता, कोयत्यानं दोन बोटं गेलेला हात मांडीवर. बायकोनं चहा केला, कुणाकडून तरी मागून आणलेल्या दुधाचा. मी तोंड उघडणार तोच त्यानं स्वतःच विषय काढला.

"लई भारी रस्ता केलता आपण. वरच्यांनी मातीत घातला." मग बायकोकडे बोट करून म्हणाला, "ही अजून तुला बोल लावती. मी म्हणतो, त्याचा काय दोस? नोकरदार माणूस. त्यानं शब्द मोडला न्हाई, मोडायला लावला."

ती माझ्याकडे बघत होती. तिला ठाऊक होतं, असं मला आजही वाटतं. मी हातातली बशी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत त्याच्याजवळ माझ्याबद्दल राहिलेली ती एकच चांगली गोष्ट होती आणि ती खोटी होती. ती मोडायची हिंमत झाली नाही. मी गुडघ्याचं औषध विचारलं. पावसाचं बोललो.

फाट्यापर्यंत तो काठी टेकत सोडायला आला. गाडी आली. मी खिडकीशी बसलो, तो खाली उभा. तेव्हाही वेळ होता, कंडक्टर सुट्ट्यासाठी कुणाशी वाद घालत होता. तो म्हणाला, "परत ये बे." मी बरं म्हणालो.

परत जायच्या आत तो गेला. घरी दोनदा म्हणून पाहिलेलं ते एवढंच होतं: वरून काही आलं नव्हतं, मीच सुचवलं होतं, खुर्चीत बसून. तुझ्या म्हशीच्या तोंडचं पाणी मी ट्रकांखाली घातलं. मला माफ कर बे.