उकंडरावचा आवळता हात

उकंडराव येताना दिसला की आमच्या धरणाकाठच्या गावात लोक सैल वस्तू झाकून ठेवत. वांगी-मिरच्या पिकवणारा साधा माणूस, पण काही ढिलं दिसलं की त्याचे हात शिवशिवत. खाट आवळ, कंदिलाचा पेच आवळ. माझ्या सायकलचे ब्रेक त्यानं असे आवळले की मी सासुरवाडीला सायकल खांद्यावर घेऊन पोचलो. त्याची बायको गीताबाई म्हणे, "लग्नात यायनं शेल्याची गाठ आवळली, ते सोडवाले सुतार बोलवा लागला!" तिखटमीठ तिचं, माझं नाही.

धरण भरलं त्यानंतरच्या तिसऱ्या वर्षी खामगावच्या तेलगिरणीतले फिटर पंजाबराव आपल्या मुलासाठी उकंडरावची मुलगी चांगुणा पाहायला आले. मुलगा चांगुणानं शेगावला आधीच पाहून ठेवला होता आणि तिला तो पसंत होता. हे तिच्या बापाला सोडून अख्ख्या गल्लीला ठाऊक. अडलं होतं ते पंजाबरावांच्या होकारावर. अन् हे गृहस्थ आले ते मासे धरायची दोन रिळं घेऊन!

"आधी धरन पाहू, मंग सोयरीक," म्हणाले.

उकंडरावला रीळ म्हणजे काय ते माहीत नव्हतं. काडीला गुंडाळलेला दोरा आणि गळ, एवढीच त्याची मासेमारी. पंजाबरावांनी ओसरीवर समजावलं. एक रीळ पतंगाच्या चकरीसारखं. मासा ओढतो तसं अख्खं चाक फिरतं, आवरायला फक्त आपला अंगठा. दुसऱ्याचं चाक जागच्या जागी. तारेची कडी त्याच्याभोवती फिरून दोरा गुंडाळते. कडी उघडून गळ फेकला की दोरा सरसर लांब जातो. हे दुसरं पंजाबरावांचं लाडकं.

पाहुणे हात धुवायला गेले. उकंडरावनं लाडक्या रिळाचा दोरा जरा ओढून पाहिला. किर्रर्र! जागचं चाक घसरलं.

"अरे बापा! पाव्हण्याचं चाक ढिलं हाय!"

शेजारी बसलेला मी नको म्हणेपर्यंत त्यानं चाकाच्या तोंडाशी असलेला पेच पक्कड लावून आवळलासुद्धा.

दुपारी आम्ही तिघं धरणावर गेलो आणि पंजाबरावांनी त्याच रिळाच्या काठीनं गळ टाकला. रोहू लागला, चांगला मांजराएवढा. काठी वाकली. चाक मात्र घसरेना. टप्प! दोरा तुटला, रोहू गेला.

पंजाबरावांनी पेच चाचपला. "हा कोनं आवळला?"

मी ढगांकडे पाहू लागलो.

"म्या," उकंडराव म्हणाला. "ढिला होता."

"ढिला नव्हता, ढिला ठेवला होता! मोठ्या माशाले दोरा द्या लागते, म्हनून!" ते पिशवी भरायला लागले.

उकंडरावचा चेहरा उतरला. "पाव्हणे, चूक माही हाय. पोरीवर राग काढू नका."

पंजाबराव थांबले. मग दुसरं रीळ काठीला बसवून त्याच्या हातात दिलं. "हे धरा. याले पेचच नाही. आवळासाठी काहीच नाही."

बराच वेळ गेला. मग काठीला हिसका बसला. उकंडरावनं अंगठा चाकावर गच्च दाबला.

"सोडा!"

"सोडू कसा? जाईन ना तो!"

"जाऊ द्या थोडा. दमला की येते. सोडा म्हन्तो ना!"

उकंडरावनं डोळे मिटले आणि अंगठा उचलला. चाक गरगर फिरलं. तो बिचारा काय काय पुटपुटत होता, लिहिण्यासारखं नाही. दोरा सैल पडला की गुंडाळायचा, मासा पळाला की सोडायचा, असं करत एक रोहू काठाला आला. पहिल्यापेक्षा लहानच.

पंजाबराव घाम पुसत हसले. "इवाईबुवा, पोरगी आमची झाली. पन एक अट. मांडवाच्या दोऱ्या तुम्ही बांधाच्या नाही."

गीताबाईनं अंगणात वेगळी चूल मांडून रस्सा केला.

लग्नात मांडवाच्या दोऱ्या मी बांधल्या. ऐन मंगलाष्टकांत वारा सुटला आणि एक बांबू खडखडायला लागला. उकंडराव दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता. मला म्हणाला, "तू जाय ना बे, लवकर!"